प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट: नाशिकच्या कॉलेजातून पाहता

रक्कम घसघशीत आहे, त्यात वाद नाही. एएनआरएफच्या (केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) या योजनेत तीन वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत मिळतात, ओव्हरहेड (संस्थेचा वरखर्च) वेगळा. आधीच्या 'सर्ब' या संस्थेच्या स्टार्ट-अप ग्रँटमध्ये दोन वर्षांना 30 लाख होते. पण अर्ज भरायला बसण्याआधी स्वतःचं वय बघा.

मर्यादा 42 ची. महिला, मागासवर्गीय आणि दिव्यांगांना तीन वर्षं जास्त. पीएचडी, पोस्टडॉक आणि लगेच आयआयटीत नोकरी, अशा सरळ वाटेने आलेल्याला ही पुरते. गंगापूर रोड असो की कॉलेज रोड, इथल्या अनेकांची पीएचडी मात्र तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली सांभाळत चाळिशीला टेकता टेकता पूर्ण होते. संशोधनात नवखे, तरी बाद! युरोपातली ईआरसी (युरोपियन रिसर्च कौन्सिल) वय विचारत नाही. पीएचडीनंतरची वर्षं मोजते आणि आईला दर अपत्यामागे 18 महिने वाढवून देते. आपल्याकडे एवढं करायला काय हरकत आहे? सीएचबीवाल्यांचा (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा) तर विषयच नाही, नियमित पद लागतं.

बजेट हमखास चुकतं ते पुण्याच्या मित्राचा प्रस्ताव समोर ठेवून आकडे उतरवल्यामुळे. प्रकल्पावरच्या जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) महिना 37,000 आणि त्यावर घरभाडं. ते पुण्यात 30 टक्के, नाशिकला 20. म्हणजे इथे महिना 44,400, तिसऱ्या वर्षी एसआरएफ (वरिष्ठ संशोधक) होऊन मूळ रक्कम 42,000 झाली की 50,400. तीन वर्षांचे 16,70,400 झाले. 60 लाखांत हे खपतं. राज्य विद्यापीठांसाठीच्या 'शुअर'मध्ये मर्यादाच 30 लाखांची, तिथे निम्म्याहून जास्त रक्कम एका माणसावर संपते. यंत्राच्या दरपत्रकावर जीएसटी 18 टक्के धरा: 10 लाखांचं यंत्र 11.80 लाखांना पडतं. जुन्या प्रस्तावांत दिसणारी 5 टक्क्यांची सवलत जुलै 2022 मध्येच गेली.

मंजुरीनंतर घोळ होतो तो 31 मार्चला. शून्य शिल्लक खात्यावर रोख पैसे न येता खर्चाची मर्यादा मिळते आणि न वापरलेली वर्षअखेरीस रद्द होते. हप्ता जानेवारीत आला, तर दरपत्रकं, खरेदी समिती, प्राचार्यांची सही आणि पुरवठादाराची डिलिव्हरी एवढ्या दिवसांत बसत नाही. म्हणून यंत्राचं स्पेसिफिकेशन आणि समितीची नावं मंजुरीपत्राची वाट न बघता तयार ठेवा. विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) जीएफआर 12-ए या केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या नमुन्यात लागतं. लेखा विभागाच्या मागे एप्रिलातच लागा, कारण ते अडलं की पुढचा हप्ताही अडतो.