नळीत घालायचा कॅमेरा: दीड हजारात बंदुकीच्या पोटातलं सगळं बाहेर आलं

मार्चमध्ये बंदूक घेऊन रिपेरीला गेलो होतो, तिथल्या माणसाने नळी ट्यूबलाईटकडे धरली, एक डोळा मिटला आणि पाच सेकंदात निकाल दिला, "नळी झिजली, दारूने खाल्ली, बदलून टाका." खर्चाचा जो आकडा सांगितला तो मी बायकोला अजून सांगितलेला नाही. आता आमची बंदूक म्हणजे शेती संरक्षण परवान्यावरची सिंगल बॅरल बारा बोअर, म्हणजे एका नळीची छर्‍याची, वर्षाला फार तर दहा-बारा बार, ते पण डुकरं भातात शिरली किंवा वांदर कलमांवर उतरले की हाकलायला. एवढ्यात नळी झिजते? डोक्यात किडा घुसला तो घुसलाच आणि त्यातूनच हा मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाईन मागवला, त्याचाच रिव्ह्यू लिहितोय.

कंपनीचं नाव विचारू नका, डब्यावर नावच नाही, चिनी माल आहे. दीड हजाराच्या आसपास पडला. कुरिअरवाला गावात येत नाही, एसटी स्टॉपवरच्या टपरीत ठेवून गेला आणि टपरीवाल्याने अर्ध्या वाडीला "डॉक्टरी मशीन आलंय" म्हणून सांगितलं ते वेगळंच.

डब्यात एक वायर, तिच्या टोकाला साडेपाच मिलीमीटर जाडीचा कॅमेरा, त्याच्याभोवती सहा बारीक दिवे, दिवे कमीजास्त करायला वायरवरच चाक, आणि सोबत टोपीसारखे लावायचे तीन तुकडे, हूक, लोहचुंबक आणि तिरका आरसा. यातला आरसा हाच खरा माल आहे हे आधी लक्षात घ्या. आरसा न लावता कॅमेरा सरळ आत घातला तर समोर लांबवर एक गोल उजेड दिसतो आणि बाजूची भिंत सगळी धुरकट, मी पहिला अर्धा तास याच्यातच घालवला आणि वस्तू परत पाठवायच्या बेतात होतो. आरसा लावला की भिंत समोर येते आणि मग बसा बघत.

घालायच्या आधी बंदूक रिकामी आहे का ते बघायचं, हे सांगायला नको पण सांगतो. बारा बोअर मागून मोडून, म्हणजे उघडून, बघता येते. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची असेल तर आत गज सोडायचा, बाहेरून नळीला लावून कानापर्यंतचं, म्हणजे मागे जिथून दारू पेटते तिथपर्यंतचं माप घ्यायचं आणि गज तेवढा आत जातोय का बघायचं, चार बोटं कमी गेला तर आत ठासलेलं आहे. आमच्याकडे आजोबांच्या वेळची केपाची ठासणी आहे, ती "रिकामीच आहे" असं तीस वर्षं सगळे सांगत आलेत, मी तरी गज घालूनच बघतो.

तर आधी बारा बोअर. काडतूस बसतं तिथून पुढे वीतभर नळी अगदी स्वच्छ, मधोमध शिशाचे दोन करडे पट्टे, आणि तोंडाकडच्या शेवटच्या वीतभरात काय असेल? जांभा दगड. शब्दशः जांभा, बारीक बारीक भोकं, कडांना तांबूस, काही भोकांच्या तळाशी काळं. आता विचार करा, दारूने नळी खाल्ली असती तर जिथे दारू पेटते तिथे खाल्ली असती ना, म्हणजे मागच्या टोकाला. इथे मागे चकाचक आणि पुढे खड्डे. म्हणजे हा गंज. आणि तो कुठून आला तेही मला माहीत आहे, निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती, पावसाळ्याच्या तोंडावर जमा केली आणि दिवाळी उलटून गेल्यावर परत मिळाली, तोंड खाली करून भिंतीला टेकवलेली, खाली ओलसर लादी. कुठलं ठाणं ते लिहीत नाही, उद्या परत तिथेच जायचंय.

ठासणीचं चित्र बरोबर उलटं. तिच्या मागच्या टोकाला, कानाजवळ, खड्डे असे की कॅमेऱ्याचा दिवा त्यात सावली पाडतो. हे मात्र दारूचं काम, पण तेही झिजवण्याचं नव्हे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा, ती जळली की निम्म्याहून जास्त भागाचा गॅस होत नाही, राख होते, त्यातली काही धुरात उडते, बाकीची नळीत घट्ट बसते, आणि ती राख हवेतलं पाणी ओढते. आपल्या हवेत मिठाच्या बरणीचं जून महिन्यात काय होतं ते आठवा, तेच. आजोबा बार काढल्यावर त्याच संध्याकाळी नळी कढत पाण्याने धुवायचे, सुकवायचे आणि मग तेल, तेव्हा आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला काम नाही. त्यांच्यानंतर नुसतं खोबरेल फिरवून खुंटीला लावायची पद्धत पडली. तेलाने ती राख विरघळत नाही, उलट तेलाखाली झाकून राहते आणि आतल्या आत खात बसते.

मग कॅमेरा घेऊन गेलो शेजारच्या अण्णांकडे. अण्णा मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यांच्याकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली 315 रायफल आहे. मला बघून पहिलाच प्रश्न, "ह्या काय हाडलंस रे मेल्या? माजी एंडोस्कोपी करतंस की काय?" पण एकदा स्क्रीनवर आटे दिसले, म्हणजे नळीत आतून कोरलेले चर, वळत वळत जाणारे, तर माणूस हलायलाच तयार नाही, चहा गार झाला.

त्या रायफलीत मला पहिल्यांदा खरी झीज दिसली. गोळी जिथे काडतुसातून निघून आट्यांमध्ये शिरते तिथे, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेत, लोखंडाला भेगा. मे महिन्यात मळ्याची जमीन तडकते ना, खापऱ्या होतात, हुबेहूब तशी जाळी. पुढे आट्यांच्या कडा शाबूत, त्यांच्यावर तांब्याची झाक, तोंडाकडे तर नवी वाटावी अशी. अण्णांची रायफल सेकंडहॅंड आहे, आधीच्या मालकाने भरपूर चालवलेली असणार.

फोटो काढून भाच्याला पाठवले. भाचा टेक्सासला असतो, तिथे टार्गेटचं वेड लागलंय त्याला, आणि तिथे काडतुसं घरी भरायला कायद्याने मोकळीक आहे म्हणून हा शनिवार-रविवार गॅरेजमध्ये तराजू घेऊन दारू मोजत बसतो. आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं म्हणजे सरळ आर्म्स ॲक्टखाली आत, त्यामुळे कुणी उत्साहाने यूट्यूब बघून सुरू करू नका. पण त्याने फोनवर जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं.

म्हणाला, मामा, हे घासून झालेलं नाही, भाजून झालंय. गोळीचं कवच तांब्याचं, नळी पोलादाची, गोळीने नळी थोडीच घासते. बिनधुराची दारू, म्हणजे आजकालच्या काडतुसातली, पेटली की डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन-अडीच हजार डिग्रीच्या वर जाणारा गॅस तिथून जातो, पोलाद पंधराशेच्या आसपास वितळतं. वेळ इतका कमी असतो म्हणून नळी वितळत नाही, पण वरची कातडी तापते, गार होते, तापते, गार होते, ठिसूळ होते आणि तडकते, मग पुढचा प्रत्येक बार त्या भेगांच्या कडा उडवत जातो. दारूत नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक मिसळलेलं असेल तर ताकद जास्त आणि आच पण जास्त. इंग्रजांनी त्यांच्या फौजेच्या 303 रायफलीसाठी कॉर्डाईट नावाची दारू काढली, पहिल्या कॉर्डाईटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होतं, नळ्या इतक्या लवकर जायला लागल्या की पुढे ते 30 टक्क्यांवर आणलं. हे ऐकून मागून अण्णा म्हणाले, आमचे उस्ताद 303 च्या जमान्यातले, ते नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायला लावायचे. ते वेगळ्या कारणाने, तेव्हाच्या टोपीत, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या केपात, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून मिठाचाच भाऊ नळीत उरतो आणि तोही पाण्यानेच जातो. म्हणजे फिरून आपण पुन्हा मिठावर.

भाचा स्वतः एच 4350 नावाची दारू वापरतो, ऑस्ट्रेलियात बनते, नायट्रोग्लिसरीन नसलेली. मधे त्याला फिनलंडच्या विहतावुओरी कंपनीची एन 500 मालिकेतली दारू घ्यायचा मोह झालेला, तिच्यात नायट्रोग्लिसरीन असतं, गोळीला वेग जास्त मिळतो. नाही घेतली. त्याची रायफल 6.5 क्रीडमूर काडतुसाची आहे, तिची नळी टार्गेटवाल्यांच्या हिशोबाने दोन-तीन हजार बार अचूक राहते, 308 काडतुसाच्या रायफलीची त्याहून बरीच जास्त, कारण भोक मोठं आणि त्या मानाने दारू कमी. तो म्हणतो डब्यावर नाव कुठलं आहे याने जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक दारू काठोकाठ भरता की जरा हात राखून भरता आणि बार किती घाईने काढता याने पडतो. लागोपाठ दहा-पंधरा काढले आणि नळीला हात लावता येईना, की समजायचं आपण पैसे जाळतोय. आणि हो, त्याच्याकडे खास रायफलींसाठी बनवलेला कॅमेरा आहे, पातळ, ताठ दांड्याचा, पण तोच म्हणाला की हा बघायला लागल्यापासून झोप उडाली, नळीत काहीतरी वाईट दिसतंच आणि रायफल तरीही पहिल्यासारखीच मारते. हे मात्र खरं आहे. अण्णांची ती तडकलेली रायफल, अण्णांच्याच म्हणण्याप्रमाणे, अजून शंभर मीटरवर नारळ चुकवत नाही.

आता वस्तूच्या तक्रारी. आरशाची टोपी नुसती दाबून बसते, स्क्रू नाही. दुसऱ्याच दिवशी ती अण्णांच्या रायफलीत निसटली. मी घामाघूम, अण्णा काही न बोलता आत गेले, सफाईची दांडी आणली आणि मागून हलकेच ढकलून बाहेर काढली, पण ते जे बघत होते माझ्याकडे, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून टोपीवर टेफ्लॉन टेपचा एक वेढा मारतो. टेप मारली तरी 315 मध्ये जेमतेम जातो. 22 रायफलीच्या बारीक नळीत हा कॅमेरा जाणारच नाही, त्या भरवशावर घेऊ नका. एअरगनचं तर नावच नको.

ॲप भंगार आहे. नळीत बघायला त्याला माझं लोकेशन आणि कॉन्टॅक्ट कशाला हवेत? नाकारलं की बंद पडतं, म्हणून जुन्या सिम नसलेल्या मोबाईलवर टाकलंय. दिवे पूर्ण मोठे केले की चकाकीत काही दिसत नाही, अगदी मंद ठेवा. आणि दहा मिनिटांत टोक गरम होतं. वायर मऊ असल्याने नळीत वळते आणि चित्र गोल फिरतं, मी ती बांबूच्या काडीला चार ठिकाणी बांधली आणि काडीवर बोटाबोटावर खुणा केल्या, आता कुठला खड्डा कितव्या बोटावर ते सांगता येतं.

त्या खुणांच्या जोरावर परत त्या रिपेरीवाल्याकडे गेलो, व्हिडिओ दाखवला. त्याने दोनदा बघितला, मग म्हणाला, "हां, मग घासून बघू." नळी बदलायचं नाव नाही. पितळी ब्रशने साफ केली, खड्डे आहेत ते आहेतच, ते भरून येत नाहीत, पण गंज थांबला. पैसे घेतले कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा कमी.

पाचपैकी साडेतीन देतो, दीड मार्क आरसा आणि ॲपचे कापले. पुढच्या निवडणुकीला जमा करायच्या आदल्या रात्री तोंडापासून मागपर्यंत सगळं शूटिंग करून ठेवणार आहे, शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवून, आणि परत घेताना काडी आणि कॅमेरा खिशातच असेल.