चुकीच्या फंडात पडलेली एसआयपी: नोंद दुरुस्त करावी की उलटी नोंद टाकावी?

ग्नूकॅश या हिशेब ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लार्ज कॅप फंडाची ५,००० रुपयांची एसआयपी (दरमहाची ठरावीक गुंतवणूक) चुकून मिड कॅप फंडाच्या खात्यात पडली, तर मी मूळ नोंदच उघडून खातं बदलते. तारीख तीच राहते, बँकेची बाजू जुळलेली राहते. मात्र युनिट्स आणि एनएव्ही (एका युनिटचा भाव) फंडाच्या स्टेटमेंटशी पडताळून बघाच. शिवाय मिड कॅपच्या नावावर चुकीचा भाव प्राइस डेटाबेसमध्ये, म्हणजे ग्नूकॅशच्या भावांच्या यादीत, उरलेला असू शकतो. तो हाताने काढावा लागतो, नाहीतर गुंतवणुकीचं मूल्य फसवं दिसतं. हे बरेच जण विसरतात!

उलटी नोंद, म्हणजे चुकीची नोंद तशीच ठेवून ती रद्द करणारी विरुद्ध नोंद, टाकली की चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसतात. वर्षाचा हिशेब सीएकडे गेला असेल तर हेच बरं. पण घरगुती वहीत न झालेली विक्री दिसते, आणि भांडवली नफ्याचा हिशेब करताना ती नक्की आडवी येते.