फ्री-मोशन क्विल्टिंग एकसारखं यायला काय घ्यावं? स्टिच रेग्युलेटर, रुलर, मार्किंग की नुसता सराव

फ्री-मोशन, म्हणजे कापड हातानेच हवं तसं सरकवत क्विल्टवर डिझाईन शिवणं, शिकायला लागलं की जवळपास सगळ्यांची पहिली तक्रार एकच, टाके लहानमोठे पडतात, आणि मग डोक्यात बसतं की टाक्याची लांबी आपोआप सारखी ठेवणारं रेग्युलेटरवालं महागडं मशीन घेतलं की काम झालं. थांबा जरा. "एकसारखं येत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या भानगडी असतात, एक टाक्याची लांबी आणि दुसरी डिझाईनचा आकार नि मधली जागा, आणि दोन्हीचा इलाज वेगळाय. शिवलेला एखादा तुकडा भिंतीला टाचा आणि सहा-सात फुटांवरून बघा, टाके दिसतच नाहीत फारसे, दिसतं ते हे की इथे वेटोळी दाट झालीत, तिथे चार बोटं जागा मोकळी सुटलीये, एक पान फुगलंय आणि शेजारचं चिमटलंय. ह्यातलं काहीही रेग्युलेटर दुरुस्त करत नाही.

आधी फुकटातलं बघू. सुईखालचे, कापड पुढे ढकलणारे दात खाली केले किंवा झाकले की कापड सरकवणं तुमच्या हाताचं काम होतं, मशीन फक्त सुई खालीवर करतं. समजा मशीन मिनिटाला ६०० टाके घालतंय आणि हात सेकंदाला एक इंच सरकतोय, तर इंचात १० टाके, म्हणजे अडीच मिलिमीटरचा टाका, एकदम छान. आता वळणावर हात निम्म्यावर आला आणि पेडल तसंच दाबलेलं राहिलं की इंचात २० टाके, नुसती गिचमीड. म्हणून स्पीडची सरकपट्टी असेल तर ती मध्यावर ठेवून पेडल पूर्ण दाबायचं, मग दोनातली एक गोष्ट तरी ठरलेली राहते आणि सांभाळायचा फक्त हात. पायाने कमीजास्त करत बसाल तर दोन्ही हलत राहणार. वळणावर मागच्या बाजूला पापण्यांसारखे दोरे ओढलेले दिसले तर लगेच दोऱ्याच्या ताणाशी (टेन्शनशी) खेळू नका, बहुतेक वेळा हात वळणावर जोरात निसटलेला असतो.

आणि गोधडीचं वजन! ह्याबद्दल कुणी फार बोलत नाही पण निम्मे झटके तिथून येतात. अख्खा डबलबेडचा क्विल्ट टेबलाच्या कडेवरून लोंबत असेल तर हात कितीही तयार असू दे, ते ओझं मागे खेचतंच. मशीनच्या डाव्या बाजूला दुसरं टेबल लावा, जमलं तर मशीन टेबलात बसवून पाटी एका पातळीत आणा, बोटांना रबरी पकड असलेले हातमोजे घाला. आपल्याकडे अजून एक, खाली जुनी सिंथेटिक साडी लावली तर ती आतल्या थरावर घसरते आणि टाचण्या कितीही लावा, चुण्या पडतातच, त्यापेक्षा धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा चादर केव्हाही बरी.

आता रेग्युलेटर. बर्निना कंपनीचा बीएसआर (बर्निना स्टिच रेग्युलेटर) सगळ्यात माहितीतला, त्याच्या फुटातच, म्हणजे सुईभोवती कापडावर टेकणाऱ्या भागात, सेन्सर असतो, खालून कापड किती सरकलं ते तो वाचतो आणि त्या हिशोबाने सुई जोरात किंवा हळू चालते, लांबी ४ मिलिमीटरपर्यंत ठरवता येते. त्यात दोन मोड आहेत, एकात हात थांबला तरी सुई हळूहळू चालत राहते, दुसऱ्यात हात थांबला की सुईही थांबते. टोकदार डिझाईनला पहिला बरा कारण टोकावर टाका नक्की पडतो, पण विचार करायला थांबणाऱ्या माणसाला दुसराच सोयीचा. काम चोख करतं, वादच नाही, गडद कापडावर पांढरा दोरा किंवा जाड दोरा वापरणार असाल तर फरक लांबूनही कळतो. पण ते त्याच कंपनीच्या ठरावीक मॉडेललाच बसतं, घरातल्या उषा जनोमला आणून लावू असं होत नाही, म्हणजे खर्च फुटाचा नाही, मशीनचा आहे. आणि हात फारच पळाला तर तेही बीप करून हात टेकतं.

रुलर, म्हणजे फुटाची कड टेकवून शिवायची जाड पट्टी, मला स्वतःला पैसा वसूल वाटतो, पण तुमची डिझाईन्स सरळ रेघा, कमानी, जाळी अशी असतील तरच. रुलरसाठीच्या खास फुटाची गोल कड सुईपासून पाव इंचावर असते, म्हणून शिवण रुलरच्या कडेपासून बरोबर पाव इंचावर पडते आणि सगळ्या कमानी एकसारख्या. फुटाची उंची बघूनच रुलर घ्या, फूट बसवायचा दांडा आखूड असलेल्या (लो शँक) मशीनला ३ मिलिमीटर जाडीचे, लांब असलेल्या (हाय शँक) मशीनला ६ चे. कापड कापायची अ‍ॅक्रिलिकची पट्टी फ्री-मोशनच्या साध्या (डार्निंग) फुटाला टेकवून शिवायचं मात्र नाही म्हणजे नाही, पट्टी फुटाखाली सरकते, सुई तिच्यावर आपटून तुटते आणि तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो. पिसं, वेली, वेटोळी असल्या कामात रुलर उगाच अडगळ.

तिथे मार्किंग. निळं पाण्याने जाणारं पेन स्वस्त आणि मस्त, फक्त गार पाण्याने पूर्ण घालवल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, डाग पक्का होतो. इस्त्रीने उडणारं पेन सोपं वाटतं पण त्याची रेघ कडाक्याच्या थंडीत, उणे दहाच्या आसपास, परत उमटायला लागते, पुण्यात काय फरक पडतोय म्हणा, पण क्विल्ट टोरांटोच्या भाचीला पाठवणार असाल तर नकोच. गडद कापडाला टेलरचा खडू. बटर पेपरवर काढून वरून शिवणं मोठ्या आकारांना चालतं, बारीक वेटोळ्यांत कागदाचे कपटे चिमट्याने काढत बसावं लागतं. बाकी, पूर्ण डिझाईन आखायची गरजही नसते, दीड-दीड इंचाची चौकट खडूने मारली आणि प्रत्येक घरात एक वेटोळं बसवलं की दाटी आपोआप सारखी येते.

माझं विचाराल तर आधी सरकपट्टी, टेबल आणि कापडाच्याच रंगाचा दोरा, मग खडूची चौकट. भौमितिक काम आवडतंय असं कळलं तर रुलर. रेग्युलेटर फक्त त्यांनी घ्यावा ज्यांचे आकार आधीच नीट येतायत आणि टाकेच तेवढे खटकतायत, किंवा ज्यांना तसंही नवं मशीन घ्यायचंच आहे. घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या कडक फेल्टच्या तुकड्यावर डेमो बघून भुलू नका, घरून आपलाच तीन थरांचा फूटभर तुकडा न्या, रुपयाच्या नाण्याएवढी वेटोळी आणि थोडी टोकं दोन्ही मोडवर स्वतः शिवून बघा, आणि तुकडा उलटा करून मागची बाजू आधी बघा.