जुनी पेट्रोल गाडी तापते: पार्ट बदलत जायचं की आधी प्रेशर टेस्ट करायची?

काटा लाल रेषेकडे सरकायला लागला की जुन्या गाडीच्या मालकापुढे दोन रस्ते असतात. एक, ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लावायची आणि स्वस्तापासून सुरुवात करून एकेक पार्ट बदलत जायचं. आधी रेडिएटरची टोपी, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), फॅनचा स्विच, मग रेडिएटर, शेवटी वॉटर पंप. दुसरा, काहीही बदलण्याआधी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरायचा आणि तो टिकतो का ते पाहायचं. माझ्या 993 सीसीच्या झेनवर दोन्ही करून झालं आहे. 800, एस्टीम, सुरुवातीची वॅगन-आर किंवा सँट्रो असेल तरी हिशोब फारसा बदलू नये.

पार्ट बदलण्याच्या पद्धतीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. गाडी सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, असं असेल तर बहुतेक वेळा फॅनचंच दुखणं निघतं. फ्यूज, रिले, स्विच, मोटर एवढंच पाहायचं असतं आणि जाणता मेकॅनिक ते चहा येईपर्यंत सांगतो. तिथे प्रेशर टेस्टची गरजच नाही. फक्त ‘फॅन डायरेक्ट करून देतो’ (म्हणजे स्विच वगळून सतत चालू ठेवतो) याला हो म्हणू नका. तसंच ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ यालाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जळतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. शंका असेल तर तो दोऱ्याला बांधून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडा. 82 किंवा 88, त्यावर जो आकडा असेल त्याच्या आसपास तो उघडायला हवा.

खरी अडचण उलट लक्षणाची. गावात गाडी ठणठणीत, चढाला लागली की तापते. माझी तशीच होती. पुण्यात दिवसभर फिरवा, काटा मध्यावर. खंबाटकी चढायला लागलं की अर्ध्या घाटात वर. मेकॅनिकने टोपी बदलली, गाडी गावात छान. थर्मोस्टॅट बदलला, तरी गावात छानच. रेडिएटर साफ केला, तेच. कामाचा उपयोग झाला की नाही हे दर वेळी घाट चढूनच कळायचं, तेही घरची माणसं मागे बसलेली, ट्रक पाठीशी, आणि नजर रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त. पुन्हा तापली की इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड (वरचा भाग) वाकायची भीती वेगळीच. पार्टांचा खर्च एक वेळ सोसला असता, पण परीक्षा दर वेळी रस्त्यावर द्यायची हे मला अजिबात पटेना. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

प्रेशर टेस्ट थंड गाडीवर, घरच्या पार्किंगमध्ये होते. टोपी काढायची, पाणी वरपर्यंत भरायचं, अडॅप्टर बसवायचा आणि टोपीवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा. माझ्या टोपीवर 0.9 आहे. त्याच्या वर जाऊ नका, जुन्या रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि हीटरची जाळी तेवढ्यानेही फुटू शकते. मग पंधरा मिनिटं हातपंपाच्या काट्याकडे पाहत बसायचं.

माझा काटा हळूहळू उतरत गेला, पण जमिनीवर थेंब नाही. टॉर्च घेऊन खाली वाकलो तर वॉटर पंपाच्या शाफ्टखाली जे बारीक भोक असतं, तिथून एक हिरवा थेंब फुगत होता. भोवती जुन्या कूलंटची पांढुरकी-हिरवी पापडी धरलेली. गरम इंजिनवर तो थेंब जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच वाळून जात असणार, म्हणून कोणालाच दिसला नव्हता. पंप बदलल्यापासून घाटात काटा हललेला नाही.

एवढ्याशा गळतीने गाडी चढावर का तापावी? दाब टिकला तर कुकरसारखंच आतलं पाणी 100 ऐवजी 115 अंशांच्याही पुढे जाऊन उकळतं. दाब निसटला की ती सवलत संपते, आणि पाणीही कमी झालेलं असतं. सपाटीवर ते निभावून जातं, चढावर नाही.

टोपीही याच हातपंपाने तपासता येते, फक्त तिचा वेगळा अडॅप्टर लागतो. रेडिएटरमधलं जास्तीचं पाणी जाते ती बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा दिसला तर आधी टोपीवर संशय घ्या. दाब उतरतोय, बाहेर कुठेच ओल नाही, गाडीतली मॅटही कोरडी (हीटर गळला तर ती ओली होते), असं असेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या सीलकडे वळावं लागतं. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा होत असेल किंवा रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील तर संशय पक्का होतो. तरीही हेड उघडण्याआधी निळ्या द्रावणाची टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडाशी जळलेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं.

प्रेशर टेस्टने सगळं सापडतं असं मात्र नाही. चोंदलेला रेडिएटर दाब मस्त धरतो. पंपाचा आतला पंखा झिजला असेल तर तेही तिला कळत नाही. गॅस्केटची एखादी चीर फक्त गरम झाल्यावरच उघडते. म्हणजे दाब टिकला तर तुम्हाला पार्टांच्या यादीकडे यावंच लागेल, पण गळती वगळून.

काही जण स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं डोंगल सुचवतात. 2010 च्या आधीच्या गाड्यांत स्वस्त डोंगल चालेलच असं नाही. शिवाय पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडला की तो पाण्याचं नव्हे, वाफेचं तापमान सांगतो. आकडा बरा दिसतो आणि इंजिन मात्र भाजत असतं.

तुमचा मेकॅनिक तुमच्याच मॉडेलवर वर्षानुवर्षं हात बसलेला असेल आणि गाडी गावाबाहेर जात नसेल, तर पहिला रस्ताही चालून जाईल. घाट ओलांडायचा असेल तर मी आधी हातपंप लावीन. तो विकत घ्यायलाच हवा असंही नाही, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांकडे बहुधा असतो. गाडी रात्रभर थंड करून सकाळी न्या आणि काटा उतरतो का ते स्वतः उभं राहून बघा.