मांघरचे ‘मधाचे गाव’: सातेरीच्या पेटीपाशी एक दिवस

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर येथे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकाराने १६ मे २०२२ रोजी ‘मधाचे गाव’ हा उपक्रम सुरू झाला. यंदा मार्चच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब तेथे एक दिवस काढला. मध विकत घेण्यासाठी गेलो होतो, पण खरे समाधान मिळाले ते मधपेटी उघडलेली पाहताना.

पेटीचे झाकण काढण्यापूर्वी मधपाळांनी मुलांना दारासमोरून बाजूला घेतले, कारण येण्याजाण्याची वाट अडली की सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, चिडते. मग त्यांनी एक चौकट अलगद उचलून उन्हाकडे धरली. वरच्या कडेला मेणाने बंद केलेला मध, त्याखाली परागाचा पिवळा-नारिंगी पट्टा आणि मध्यभागी पिल्लांची घरे अशी मांडणी स्वच्छ दिसत होती. तेवढ्यात मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन आलेली एक माशी त्या गर्दीत शिरली, एका रिकाम्या घरात तिने पाय सोडले आणि गोळे उतरवून ती निघून गेली. माझी धाकटी मुलगी हे बघून कितीतरी वेळ तेथून हलेना.

मध काढताना फक्त वरच्या कोठीतील चौकटी मधयंत्रात फिरवतात आणि पोळे न मोडता परत ठेवतात. खालची पिल्ले आणि त्यांचे अन्न यांना हात लावला जात नाही. मोहोळ जाळून आणि पिळून काढलेल्या मधाशी याची तुलनाच होऊ शकत नाही. पेटीची बांधणीही मी मुद्दाम तपासली. आमच्या गावाकडे एका पुरवठादाराकडून घेतलेल्या दोन पेट्यांच्या फळ्या पहिल्याच पावसात फुगल्या, फटींतून मेणकिडा शिरला आणि दोन्ही वसाहती उठून गेल्या. मांघरला पाहिलेल्या पेट्यांचे सांधे घट्ट होते आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या होत्या.

सातेरी जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर पोसली जाते. मध बाजारातील बाटलीपेक्षा महाग आहे, चवीला किंचित तुरट आहे आणि मला तो दर पूर्णपणे योग्य वाटला. शासनाची मध केंद्र योजना प्रशिक्षण देते, साहित्यावर ५० टक्के अनुदान देते आणि हमीभावाने मध खरेदी करते. जंगलातली मोहोळे शाबूत ठेवून माणसाच्या हाताला काम देणारी ही व्यवस्था मला मनापासून आवडली.

तरीही एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. केंद्र सरकारने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी २०२०-२१ ते २०२२-२३ या काळाकरिता ५०० कोटी रुपये मंजूर केले. तेथेही आणि येथेही नाव मधाचेच आहे. परंतु याच तालुक्यातील स्ट्रॉबेरी पाहा: फळावरच्या प्रत्येक बारीक दाण्याला पराग मिळावा लागतो, जेथे तो मिळत नाही तेथे गर फुगत नाही आणि फळ वाकडे होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने माशीची ही कमाई मधाहून मोठी आहे. शिवाय वांग्याच्या फुलातील पराग बाहेर पडण्यासाठी ते फूल पंखांच्या स्नायूंच्या कंपाने हलवावे लागते, आणि ते काम मधमाशीला जमत नाही. ते सुतार भुंगे आणि जमिनीत एकेकट्या राहणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या करतात. त्यांना पेटी लागत नाही. त्यांना वाळके लाकूड, न नांगरलेला बांध आणि फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणीपासून सुटका लागते. मध हाच हिशेबाचा आधार असेल, तर हे कीटक कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. मांघरसारख्या गावात पेट्यांशेजारी वांग्याचा एक वाफा आणि पोखरलेला एखादा ओंडका पाहुण्यांना दाखवला, तर शासनाला ही बाजूही फारसा खर्च न करता लोकांपर्यंत नेता येईल.

जाणाऱ्यांनी सकाळी लवकर पोचावे, अत्तर लावू नये, गडद रंगाचे कपडे टाळावेत आणि मधपाळ सांगेपर्यंत पेटीजवळ जाऊ नये. मुलांना अवश्य न्यावे.