जुने जपानी नकाशे घेताना: माझे ४८,००० येन कसे गेले

टोक्योत राहणाऱ्या मराठी मंडळींत जुन्या नकाशांचा नाद असलेले बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मार्च १९४४ मध्ये त्यांची पलटण मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी लढली. त्याच पावसाळ्यात इम्फाळ-कोहिमाहून जपानी फौज मागे हटली. ती मणिपूरपर्यंत पोचली कशी, हे दाखवणारा त्या काळचा नकाशा घरी असावा अशी माझी फार दिवसांची इच्छा.

एका देवळाच्या आवारातल्या रविवारच्या जुन्या बाजारात चार नकाशांचा संच मिळाला: तैवान ताब्यात आलं ते १८९५, कोरिया गिळला ते १९१०, मांचुकुओ (ईशान्य चीनमधलं जपानच्या हातातलं बाहुलं राज्य) उभं केल्यानंतरचं १९३४ आणि १९४२. मी भारतीय आहे हे कळताच विक्रेत्याने चौथ्यावर बोट ठेवलं, "हे बघा, तुमचं अंदमान." लाल रंगातलं अंदमान बघून मी विरघळलो.

हातात दिला तो फक्त १९३४ चा. बाकीचे प्लास्टिकच्या पाकिटात. घामाने कागद खराब होतो म्हणाला, मला पटलं. हातातला नकाशा अस्सल होता, त्यामुळे बाकीच्यांवरही विश्वास बसला. डाव सगळा इथेच होता.

पुढच्या आठवड्यात जिंबोचोतल्या (टोक्योतला जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग) एका वयस्कर पुस्तकविक्रेत्यांना संच दाखवला. त्यांनी पहिल्या दोन्हींच्या घड्यांवरून माझंच बोट फिरवलं. डोळ्यांना घडीची चीर दिसत होती, बोटाला कागद गुळगुळीत लागत होता. चीरसुद्धा छापलेली! १९३४ च्या नकाशात मात्र घडीवर शाई खरोखर तडकलेली होती. भिंगाखाली त्यातला लाल रंग सलग दिसला. १९४२ वाल्यातला निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांत विखुरला, म्हणजे तो अलीकडे छापलेला.

तो चौथा तर जुन्याची नक्कलही नव्हता. शीर्षकातलं 'देश' हे अक्षर युद्धानंतरच्या लिपीसुधारणेतल्या सोप्या रूपात, ओळ डावीकडून उजवीकडे. १९३४ च्या नकाशात तेच अक्षर जुन्या, किचकट वळणाचं आणि ओळ उजवीकडून वाचायची. शिवाय टोक्योपुढे 'तो' लिहिलेलं. टोक्यो शहर आणि प्रांत एक होऊन 'टोक्यो-तो' झालं जुलै १९४३ मध्ये. १९४२ च्या नकाशात ते येणार कुठून?

म्हणून सांगतो, नकाशा पाकिटातून काढून देत नसेल तर घेऊ नका. संच असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा तपासा, अस्सल असलेला शेजारी ठेवून. आणि पावतीवर छपाईचं साल लिहून घ्या. मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा तो विक्रेता तिथे नव्हता. पोलीस चौकीत पावती दाखवली, तर तिच्यावर एवढंच लिहिलेलं: "नकाशे, ४ नग".