महापालिकेच्या केसेस बघणाऱ्या वकील मॅडम – आमच्या सोसायटीचा अनुभव

सोसायटीला महापालिकेची एमआरटीपी ॲक्ट (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) कलम 53 ची नोटीस आली, गच्चीवरचं पत्र्याचं शेड आणि गेटजवळची वॉचमन केबिन दोन्ही अनधिकृत म्हणून. कमिटीत असल्यामुळे वकील शोधायचं काम माझ्याकडे आलं. आधी ज्यांना भेटलो ते सगळे दिवाणी, फौजदारी, घटस्फोट सगळंच बघणारे होते आणि कागद न बघताच म्हणायचे स्टे, म्हणजे कोर्टाची स्थगिती, आणू. मग एका आर्किटेक्टने ह्या मॅडमकडे पाठवलं. त्या फक्त महापालिकेच्याच मॅटर घेतात. आधी बरीच वर्षं त्या पालिकेच्याच वकिलांच्या पॅनेलवर होत्या, आता नागरिकांच्या बाजूने उभ्या राहतात, आणि पॅनेलवर असताना स्वतः हाताळलेलं प्रकरण असेल तर घेतच नाहीत, हे त्यांनी पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगितलं. मला तिथेच विश्वास बसला.

त्यांचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण खरा फरक तिथेच आहे. नोटीस हातात घेतल्यावर मजकुराआधी त्यांनी जावक क्रमांक, तारीख, सही कुणाची, तो पदनिर्देशित अधिकारी (अशी नोटीस काढायला नेमलेला) आहे का, आणि कलम कुठलं हे बघितलं. कलमावर सगळं ठरतं म्हणाल्या. महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 260 ची नोटीस असेल तर रस्ता वेगळा, 53 ची असेल तर वेगळा. मग मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितलं. आमच्याकडे नकाशाची धड कॉपी नव्हती तर माहिती अधिकारात अर्ज करायला लावला, आणि त्याला 30 दिवस लागू शकतात म्हणून त्याच दिवशी ज्युनियरला आर्किटेक्टच्या जुन्या फाइली बघायला पाठवलं. तिथे मंजूर नकाशा सापडला आणि त्यात केबिन चक्क दाखवलेली! गेटच्या उजव्या हाताला छोटा चौकोन, मापासकट. इतके दिवस आम्ही सगळे नुसते घाबरून बसलो होतो हो.

शेडसाठी मात्र त्यांनी कोर्टाचं नावच काढलं नाही. नोटिशीच्या मुदतीतच त्याच एमआरटीपी ॲक्टच्या कलम 44 खाली बांधकाम कायम ठेवायच्या परवानगीचा अर्ज टाकायचा, त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीवर पाडता येत नाही, हे कायद्यातच आहे. उगाच दावा लावला तर पालिकेचे वकील त्याच ॲक्टच्या कलम 149 चा मुद्दा काढून दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही म्हणतात, हायकोर्टात रिट याचिका घेऊन गेलं तर पहिला प्रश्न हाच की कायद्यातला उपाय वापरला का. आणि पालिका बरेचदा आधीच कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा कोर्टातला अर्ज) टाकून ठेवते, ती 90 दिवस चालते, त्यामुळे आपलं एकतर्फी ऐकून लगेच स्टे मिळेल ह्या भरवशावर राहू नका. हे इतकं सरळ आम्हाला आधी कुणीच समजावलं नव्हतं.

आमच्या ग्रुपवर सुप्रीम कोर्टाचे पाडकामाबद्दलचे 13 नोव्हेंबर 2024 चे निर्देश फिरत होते, किमान 15 दिवसांची नोटीस वगैरे. मॅडम म्हणाल्या ते नोटीस आणि सुनावणी नीट व्हावी म्हणून आहे, त्याने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, आणि रस्त्यावर फुटपाथवर अतिक्रमण असेल तर ते लागूच नाही.

निकाल असा की केबिन नोटिशीतून वगळली. शेडची उंची कमी करावी लागली आणि एका बाजूचे पत्रे काढावे लागले. शेड पूर्ण वाचेल असं मॅडमनी कधीच म्हटलं नव्हतं. काही सभासद नाराज आहेत, पण माझ्या मते ह्याच्यापेक्षा चांगलं होणं शक्य नव्हतं.

फी स्वस्त नाही. पण ड्राफ्टिंगचे किती, सुनावणीला हजर राहायचे किती हे सगळं आधी लिहून दिलं. केस जिंकल्यावर अमुक टक्के द्या असं म्हणणारा एक वकील आम्हाला भेटला होता, अशा वकिलांपासून लांब रहा, बार कौन्सिलच्या नियमात ते बसतच नाही.

तक्रार एकच, फोन उचलत नाहीत. कोर्टाच्या वेळेत तर विसराच, संध्याकाळीही ज्युनियरच बोलतो आणि अर्जाची पोच मिळाली का एवढं विचारायलाही दोन-तीनदा मागे लागावं लागतं. मुदत धावत असताना ह्याचा फार त्रास होतो, त्यांनी ह्याकडे खरंच लक्ष द्यायला हवं. जाताना नोटीस ज्या पाकिटात आली ते पाकीट, दारावर चिकटवली असेल तर तिचा फोटो, मालमत्ता कराच्या जुन्या पावत्या आणि नकाशा सोबत न्या, पहिल्याच भेटीत ह्या सगळ्याची गरज पडते.